साराभाईंची थोरली

अहमदाबादच्या शाहीबागेतलं कॅलिको म्युझियम बघायचं तर आधी नाव नोंदवून ठेवावं लागतं. फोटो काढायचे नाहीत, ठरलेल्या मंडळींबरोबरच हिंडायचं. आतले दिवे मंद असतात, कारण भगभगीत उजेडात जुन्या कापडाचा रंग उडतो. त्या उजेडात पाटणच्या पटोळ्यासमोर उभं राहिलं की आधी नुसताच लाल रंग दिसतो. मग हळूहळू हत्ती दिसतो, मग पोपट, मग नाचणारी बाई. आणि लक्षात येतं की यातला प्रत्येक ठिपका मागावर चढण्याआधी, सुताच्या लडीवरच, बांधून रंगवलेला आहे.

मी मात्र कापडापेक्षा घर बघायला गेले होते. हे आवार म्हणजे अंबालाल साराभाईंचं ‘द रिट्रीट’. कॅलिको मिलच्या मालकाचं राहतं ठिकाण. १९२० मध्ये रवींद्रनाथ अहमदाबादला आले तेव्हा याच कुटुंबाचे पाहुणे होते. इथं आठ भावंडं वाढली. त्यातला विक्रम सगळ्यांना ठाऊक आहे. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचं नाव काढलं की साराभाई हे आडनाव आपोआप ओठावर येतं. गौतम आणि गिरा या भावाबहिणीनं हे वस्त्रसंग्रहालय उभं केलं, आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थाही. लीनाबेननी ‘श्रेयस’ शाळा काढली. गीताबेन पखवाज शिकल्या आणि जॉन केज या अमेरिकन संगीतकाराला हिंदुस्थानी संगीत समजावून सांगितलं. भारतीबेननी नाटकं लिहिली. सुहृद ऐन तारुण्यात गेला.

आणि सगळ्यात थोरली मृदुला. जन्म ६ मे १९११. काँग्रेसची सरचिटणीस, गांधी आणि नेहरू दोघांच्याही विश्वासातली कार्यकर्ती, फाळणीत पळवून नेलेल्या हजारो बायका परत आणण्याच्या कामाची सूत्रधार, आणि शेवटी स्वतंत्र भारताच्या तुरुंगात विनाचौकशी डांबलेली कैदी. फाळणीवरच्या पुस्तकांत हे नाव मला आधी तळटिपांमध्ये भेटलं. तळटिपांत सतत भेटणाऱ्या माणसाबद्दल एक दिवस बसून लिहायचं, असं किती तरी वर्षं मनात होतं.

मृदुलाबेनची गोष्ट सांगायची तर सुरुवात त्यांच्या आत्यापासून करावी लागते. अनसूयाबेन, अंबालालांच्या थोरल्या बहीण. आईवडील लहानपणीच गेले, तेराव्या वर्षी लग्न झालं आणि ते संसारसुख लाभलं नाही. भावानं बहिणीला सासरी परत ढकललं नाही, इंग्लंडला शिकायला पाठवलं. गेल्या वैद्यकी शिकायला. पण जैन घरातला जीव, चिरफाड सोसेना, म्हणून समाजकार्याकडे वळल्या. मताधिकारासाठी रस्त्यावर उतरलेल्या इंग्रज बायका त्यांनी तिथं डोळ्यांनी पाहिल्या. परत आल्यावर एके सकाळी अंगणासमोरून काही गिरणी कामगार जाताना दिसले, झोपेत चालल्यासारखे. काय झालं म्हणून विचारलं तर कळलं, सलग छत्तीस तास काम करून घरी निघाले आहेत. हा प्रसंग अनसूयाबेननी पुढे अनेकदा सांगितला आहे. कामगार त्यांना मोटाबेन म्हणू लागले, मोठी बहीण.

१९१८ मध्ये याच मोटाबेन भावाच्या विरोधात उभ्या राहिल्या. प्लेगच्या साथीत कामगार शहर सोडून पळू नयेत म्हणून मालकांनी मोठा बोनस चालू केला होता. साथ ओसरली, बोनस बंद झाला, महागाई मात्र तशीच राहिली. मालक २० टक्के वाढ द्यायला तयार, कामगारांचं म्हणणं ३५. गिरण्यांना टाळं लागलं. मालकांच्या बाजूचे पुढारी अंबालाल, कामगारांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण आणि गांधीजी. रोज संध्याकाळी साबरमतीच्या काठी बाभळीखाली सभा भरायची. कामगारांचा धीर सुटायला लागला तेव्हा गांधीजींनी उपोषण धरलं, आणि तीन दिवसांत तोड निघाली: पहिल्या दिवशी ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी २०, तिसऱ्या दिवसापासून साडेसत्तावीस, पुढचा निर्णय लवाद देईल. लवादानं अखेर ३५ टक्केच दिले.

मृदुला तेव्हा सात वर्षांचीही नव्हती. पण घरात काय चाललंय हे मुलांना कळतंच. आपले वडील आणि आपली आत्या एका भांडणाच्या दोन टोकांना आहेत, आणि तरी आत्याचं घरी येणंजाणं तुटत नाही. त्याच वर्षी गांधीजी नडियादला आमांशानं बेजार झाले, तेव्हा त्यांना आपल्या मिर्झापूरच्या बंगल्यात आणून त्यांची शुश्रूषा केली ती अंबालाल आणि त्यांच्या पत्नी सरलादेवी यांनीच. तीन वर्षांपूर्वी आश्रमात दूदाभाईंचं अस्पृश्य कुटुंब राहायला आलं आणि देणगीदारांनी हात आखडले, तेव्हा मोटारीतून येऊन १३,००० रुपयांच्या नोटा गांधीजींच्या हातात ठेवून गेलेले शेटही अंबालालच, असं मानलं जातं. आत्मकथेत गांधीजींनी नाव दिलेलं नाही. मतभेद झाला की माणूस तोडायचा, ही रीत त्या घरात नव्हती. पुढे मृदुलाबेनच्या वाट्याला जे आलं ते वाचताना मला हे घर सारखं आठवत राहतं.

मुलं बाहेरच्या शाळेत गेली नाहीत. शाळाच घरात आली. सरलादेवींनी मॉन्टेसरीच्या विचारांवर शिक्षणाची आखणी केली, विलायतेहून आणि देशातून शिक्षक बोलावले. मुलांवर हात उगारायचा नाही, मुलांच्या मनाविरुद्ध काही लादायचं नाही. त्या काळच्या सधन घरांतल्या मुलींच्या आठवणी मी बऱ्याच वाचल्या आहेत. बहुतेकींच्या आठवणीत पडदा आहे, लवकर उरकलेलं लग्न आहे, वडिलांची दहशत आहे. साराभाईंच्या मुलींनी ‘नाही’ म्हटलं तर ते ऐकलं जायचं. मृदुलेनं लग्नाला नाही म्हटलं, तेही ऐकलं गेलं.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. परदेशी कापडाच्या आणि दारूच्या दुकानांवर निरोधन करायला गांधीजींनी बायकांना हाक दिली आणि सरलादेवींसह साराभाई घरातल्या बायका रस्त्यावर आल्या. मृदुला तुरुंगात गेली. पुन्हा गेली. पैशाची चिंता नव्हती, पोरंबाळं नव्हती, कुणाची परवानगी काढायची नव्हती. ही मोकळीक किती मोठी होती हे तिच्याबरोबर तुरुंगात गेलेल्या साध्या घरांतल्या बायकांकडे बघितलं की कळतं. सुटून घरी गेल्यावर काहींना नवऱ्यानं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. काहींना स्वतःच्या कमाईचा एक पैसा माहीत नव्हता.

ते पाहूनच मृदुलाबेननी १९३४ मध्ये ज्योति संघ काढला. शिवण, भरतकाम, मसाले कुटणं, लिहिणं-वाचणं आणि संकटात सापडलेल्या बाईची तक्रार. तक्रार आली की कार्यकर्त्या तिच्या घरी जात, नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून बोलत. शहरात बोभाटा व्हायचा. शेटजींची मुलगी दुसऱ्यांचे संसार मोडते, असं लोक म्हणायचे. गांधीजींच्या वळणाच्या संस्थांमध्ये बाईच्या सेवेवर आणि त्यागावर भर असायचा. ज्योति संघानं बाईच्या हक्कावर भर दिला. हा फरक बारीक वाटतो, पण ज्या बाईला मार बसतोय तिच्या दृष्टीनं तो फार मोठा आहे.

पुढची घटना आपल्या मराठी वाचकांनी जरूर लक्षात ठेवावी. १९३९ मध्ये काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीनं, म्हणजे सुभाषबाबूंनी नेमलेल्या आणि नेहरू अध्यक्ष असलेल्या समितीनं, नियोजित अर्थव्यवस्थेत स्त्रीचं स्थान काय, याचा विचार करायला एक उपसमिती नेमली. अध्यक्ष ग्वाल्हेरच्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे, आपल्या मराठी डॉक्टर. चिटणीस मृदुला साराभाई. या दोघींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो अहवाल तयार केला तो पुस्तकरूपानं यायला १९४७ उजाडलं, आणि त्या वर्षी असलं काही वाचायला कुणाला सवड नव्हती. पण त्यात काय आहे बघा. बाईच्या घरकामाला आर्थिक मोल आहे. तिला स्वतःची मिळकत हवी, स्वतःच्या नावानं मालमत्ता हवी, घटस्फोटाचा हक्क हवा. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक विचार: बाई ही कुणाची मुलगी, कुणाची बायको, अमक्या जातीची, तमक्या धर्माची म्हणून मोजायची नाही, ती स्वतंत्र व्यक्ती आहे, नागरिक आहे.

हा विचार इथं जरा बाजूला जपून ठेवू. दहा वर्षांनी त्याच चिटणीसबाईंच्या हातून जे घडलं ते समजून घ्यायला तो लागणार आहे.

मधल्या वर्षांतलं बरंच काही मी भराभर ओलांडते. १९३९ च्या राजकोट सत्याग्रहात कस्तुरबांना पकडलं, तेव्हा त्रंबा गावच्या नजरकैदेत त्यांच्या सोबतीला वल्लभभाईंची मणिबेन आणि अंबालालांची मृदुला अशा दोघी होत्या. १९४१ च्या अहमदाबादच्या दंग्यात मृदुलाबेन गल्लीबोळांतून हिंडल्या. बेचाळीसचं आंदोलन झालं; त्या धामधुमीत विक्रमचं मद्रासला लग्न झालं तर साराभाई घरातलं कुणी तिथं पोचू शकलं नाही. कस्तुरबा गेल्यावर त्यांच्या नावानं निघालेल्या विश्वस्त निधीची बांधणीही मृदुलाबेननी केली. खेड्यांत काम करणाऱ्या बायका तयार करायच्या, हे त्या निधीचं काम. १९४६ मध्ये नेहरूंनी त्यांना काँग्रेसचं सरचिटणीस केलं. दुसरे सरचिटणीस आपले बाळकृष्ण केसकर, जे पुढे माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. पस्तिशीची अविवाहित बाई, डोक्यावर आखूड कापलेले केस, अंगात खादीचा सलवार-कमीज, कार्यकारिणीच्या बैठकीत वल्लभभाईंसमोर तोंडावर विरोध करणारी. दिल्लीच्या राजकारणात अशी बाई तेव्हा दुसरी नव्हती. फार दिवस त्या तिथं राहिल्या नाहीत. नोआखाली पेटलं, गांधीजी तिकडं निघाले, आणि मृदुलाबेननी पद सोडून गांधीजींची वाट धरली.

मग पंजाब.

फाळणीत पळवल्या गेलेल्या बायकांचे आकडे कुणीच पक्के सांगू शकलेलं नाही. सरकारी अंदाज असा की भारतात ५०,००० मुसलमान आणि पाकिस्तानात ३३,००० हिंदू-शीख बायका अडकलेल्या होत्या. आकड्यांमागे काय होतं ते लिहायचं तर हात थांबतो. कुणाला गाडीतून ओढून काढलेलं, कुणाला काफिल्यातून, कुणाला बापानंच जीव वाचवण्यासाठी शेजाऱ्याच्या हवाली केलेलं. काही विकल्या गेल्या, पुन्हा विकल्या गेल्या. काहींचं नाव बदललं, धर्म बदलला, आणि वर्षाच्या आत कडेवर मूल आलं.

६ डिसेंबर १९४७ रोजी दोन्ही देशांनी करार केला: या बायका शोधून आपापल्या देशात पोचवायच्या. भारताच्या बाजूनं या कामाची प्रत्यक्ष धुरा मृदुलाबेनकडे आली. लष्कराच्या ट्रकांतून, पोलिसांना बरोबर घेऊन त्यांच्या कार्यकर्त्या गावोगाव हिंडत. जिल्ह्याजिल्ह्यात छोटे तळ, मग मुख्य तळ दोन: इकडं जालंधर, तिकडं लाहोरचं गंगाराम हॉस्पिटल. लाहोरचा तळ सांभाळायला मृदुलाबेननी कमलाबेन पटेल या गुजराती कार्यकर्तीला पाठवलं आणि त्या तिथं वर्षानुवर्षं राहिल्या. गावात पोलीस आले की बायका लपवल्या जायच्या, धान्याच्या कणगीत, तळघरात, दुसऱ्या गावी. म्हणून काही कार्यकर्त्या अंडी विकायच्या निमित्तानं, कधी घोटभर लस्सी मागायच्या निमित्तानं दारोदार जात आणि आतली कोणती सून बोलताना अडखळते ते बघून येत. सियालकोट, गुजरात, रावळपिंडी, झेलम, कॅम्पबेलपूर हे पाकिस्तानातले पाच जिल्हे तर काश्मीरच्या लढाईमुळे भारतीय लष्कराला बंदच होते.

दिल्लीत त्याच वेळी अनीस किदवाई मुसलमान निर्वासितांच्या तळांवर काम करत होत्या. त्यांचे पती मसुरीत मारले गेले होते आणि गांधीजींनी त्यांना सांगितलं होतं, तळावर जा, काम कर. मृदुलाबेन, सुभद्रा जोशी, अनीसबाई या बायकांनी त्या महिन्यांत जे केलं, ते सरकारच्या कुठल्याही खात्याला झेपलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. डिसेंबर १९४९ पर्यंत भारतातून १२,५५२ आणि पाकिस्तानातून ६,२७२ जणींना बाहेर काढण्यात आलं. काम चाललं १९५७ पर्यंत. दोन्हीकडचा एकूण आकडा ३०,००० च्या घरात गेला. घरची माणसं घ्यायला येईनात तेव्हा नेहरू आणि गांधीजींना जाहीरपणे विनवावं लागलं की या मुली निष्कलंक आहेत, त्यांना परत घ्या. ज्यांना कुणी घेतलं नाही त्यांच्यासाठी आश्रम उघडावे लागले. जालंधरचा गांधी वनिता आश्रम त्यातला एक.

इथवर मी मृदुलाबेनच्या पायाशी बसायला तयार आहे. पुढचं लिहायला मात्र जड जातं.

हजारो बायका ‘मला घेऊन चला’ म्हणून रडत होत्या. त्यांच्यासाठी हे काम म्हणजे दुसरा जन्म होता. पण काही जणी ‘नाही’ म्हणत होत्या. कुणी पकडून आणणाऱ्याच्याच घरात आता रुळली होती. कुणाच्या पोटात मूल होतं. कुणाला पक्कं ठाऊक होतं की माहेरी गेलं तर विष मिळेल. कुणाचं तर अपहरण झालंच नव्हतं. तिनं जीव जडलेल्या माणसाशी लग्न केलं होतं आणि आडवी आली ती फक्त तारीख. अमृता प्रीतमच्या ‘पिंजर’मधली पुरो आठवा, ऊर्मिला मातोंडकरनं पडद्यावर केलेली. शेवटी परत जायची संधी समोर असताना ती राहते. अशा किती तरी पुरो खरोखरच होत्या, आणि त्यांना राहू दिलं गेलं नाही.

३१ जानेवारी १९४९ ला वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. कायद्यातली व्याख्या सावकाश वाचावी. १ मार्च १९४७ च्या आधी जी मुसलमान होती, आणि त्यानंतर, १ जानेवारी १९४९ च्या आत, जी घरच्यांपासून दुरावली, आणि आता जी बिगर मुसलमानाच्या घरी आहे, ती ‘अपहृत व्यक्ती’. वय कितीही असो. मुलगे असतील तर सोळाच्या आतले. बाई मात्र साठीची असली तरी. त्या काळानंतर तिला झालेलं मूलही त्याच व्याख्येत. साध्या सहायक फौजदाराला वॉरंटशिवाय घरात शिरून तिला उचलायचा अधिकार. ती अपहृत आहे की नाही याचा वाद उठला तर निकाल न्यायाधिकरण देणार, आणि तळावर तिला ठेवून घेतल्याबद्दल कुठल्याही कोर्टात दाद मागता येणार नाही. तिला स्वतःला काय वाटतं, हे विचारायची जागा त्या कायद्यात कुठंच नव्हती.

संविधान सभेत काही सदस्य यावर बोलले. पंडित ठाकूरदास भार्गवांनी विचारलं की देशाच्या एका नागरिक बाईला जो हक्क आहे तो हिला का नाही. सरकारतर्फे गोपालस्वामी अय्यंगारांनी उत्तर दिलं की सुरुवातीला विरोध करणाऱ्या बायका घरी पोचल्यावर समाधानी होतात. कायदा मंजूर झाला. नोव्हेंबर १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अजायब सिंगच्या खटल्यात सांगितलं की अशी सुटका म्हणजे संविधानाच्या बाविसाव्या कलमातली अटक नव्हे, त्यामुळे अटक झालेल्या माणसाचं संरक्षण इथं लागू नाही.

मृदुलाबेनचं म्हणणं काय होतं, हे नीट मांडायला हवं, कारण त्या निष्ठुर नव्हत्या. त्या म्हणत: ज्या घरात तुला बळजबरीनं आणलं त्याच घरात उभी राहून तू ‘मी खुशीत आहे’ म्हणालीस तर तो तुझा आवाज कसा मानायचा? मागं नवरा म्हणवणारा माणूस काठी घेऊन उभा आहे, दीर उभा आहे, मूल कडेवर आहे. भीतीतून आलेलं ‘नाही’ आणि मनातून आलेलं ‘नाही’ उंबऱ्यावर उभं राहून ओळखता येत नाही. आधी तिला तिथून बाहेर काढा, मग बघू. घरगुती अत्याचाराची प्रकरणं हाताळणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही कार्यकर्तीला विचारा, या म्हणण्यात तथ्य आहे हे ती मान्य करील. माझी अडचण ‘मग बघू’ या शब्दांपाशी आहे. बाहेर काढल्यानंतरही तिला विचारलं गेलं नाही. तळावर नेलं, ओळख पटवली आणि सीमापार पाठवलं.

त्यांच्या अगदी जवळच्या माणसांनी त्यांना हे सांगितलं. रामेश्वरी नेहरू या कामात त्यांच्या बरोबरीच्या, पुनर्वसन खात्याच्या स्त्री विभागाच्या प्रमुख. त्यांनी स्पष्ट लिहिलं की मनाविरुद्ध पाठवणं थांबवा, आपण या बायकांच्या दुःखात भर घालतो आहोत. आणि शेवटी त्या या कामातून बाहेर पडल्या. अनीस किदवाईंना रोज हाच प्रश्न पडत होता. कमलाबेन लाहोरच्या तळावर तान्ही मुलं बघत होत्या. पाकिस्तानात जन्मलेलं मूल तिथंच बापाकडं ठेवायचं आणि आईनं एकटीनं यायचं, असं ठरायला लागलं तेव्हा त्यांनी हट्ट धरला की आईला मूल घेऊन निदान जालंधरपर्यंत येऊ द्या, तिथं तिला चार दिवस विचार करू द्या. पुढं १९७७ मध्ये कमलाबेननी ‘मूळ सोतां उखडेलां’ हे गुजराती पुस्तक लिहिलं. ते वाचल्यावर दोन रात्री मला झोप नीट लागली नाही. ऊर्वशी बुटालिया, रितू मेनन आणि कमला भसीन यांनी नव्वदच्या दशकात या बायकांना आणि कार्यकर्त्यांना शोधून बोलतं केलं, म्हणून एवढं तरी आपल्यापर्यंत पोचलं.

आता तो बाजूला ठेवलेला विचार काढू. बाई ही धर्माची नाही, घराची नाही, ती स्वतंत्र व्यक्ती, हे लिहिणाऱ्या उपसमितीच्या चिटणीस मृदुलाबेन. आणि बाईचा देश कोणता हे तिच्या धर्मावरून ठरवणारा कायदा राबवणाऱ्याही मृदुलाबेन. मला वाटतं, याचं एक उत्तर शाहीबागेत आहे. ज्या मुलीचं ‘नाही’ घरात कायम ऐकलं गेलं, तिला स्वतःच्या न्यायबुद्धीवर पूर्ण भरवसा असतो. काय योग्य आहे हे मला दिसतंय, तर मी ते करणार. ज्योति संघात याच बळावर त्यांनी शेकडो बायकांना मारहाणीतून सोडवलं. पंजाबात त्याच बळाच्या पाठीशी लष्कर, पोलीस आणि पंतप्रधान आले. एवढी ताकद हाती असताना समोरच्या अडखळणाऱ्या मुलीपाशी थांबायला फार वेगळी नम्रता लागते. ती त्या वेळी त्यांच्याकडे नव्हती, असं मला म्हणावं लागतं. आणि म्हणताना हेही ठाऊक आहे की तेव्हाच्या लाहोरच्या रस्त्यावर ट्रकच्या पुढच्या सीटवर बसायचं धाडस माझ्यात नसतं. १९५४ मध्ये दोन्ही देशांनी मान्य केलं की यापुढं कुणाला इच्छेविरुद्ध सीमापार धाडायचं नाही. तोपर्यंत बहुतेक जणी धाडून झाल्या होत्या.

पंजाबचं काम चालू असतानाच काश्मीर त्यांच्या आयुष्यात आलं. तिथल्या सरकारचे प्रमुख शेख अब्दुल्ला यांच्याशी स्नेह जडला, नेहरूंच्या विश्वासातली व्यक्ती म्हणून श्रीनगरला जाणंयेणं वाढलं. ९ ऑगस्ट १९५३ ला शेखसाहेबांना पदावरून काढून अटक झाली. दिल्लीतल्या बहुतेकांनी मान खाली घालून ते स्वीकारलं. मृदुलाबेननी नाही म्हटलं. काश्मिरी जनतेचा हाच पुढारी आहे, तो भारताचा मित्र आहे आणि त्याला विनाखटला डांबून आपण काश्मीर गमावतो आहोत, असं त्या सांगत राहिल्या. दिल्लीच्या घरातून पत्रकांमागून पत्रकं निघू लागली. खासदारांना, संपादकांना, वकिलांना, नेहरूंना. खर्च स्वतःच्या खिशातून. काश्मिरातून येणाऱ्या कार्यकर्त्यांची उठबसही त्याच घरात.

इथं घराण्याच्या पैशाबद्दल बोललं पाहिजे. राजकारणात बाईला गप्प करायचे साधे उपाय असतात: तिकीट कापणं, पद काढणं, घरच्यांकडून दम देणं. मृदुलाबेननी मंत्रिपद कधी भूषवलंच नव्हतं, पगार नव्हता, नवरा नव्हता. घरचे दम देणारे नव्हते. मग उरले ते दोनच उपाय. पहिला, पक्षातून काढणं. ज्या पक्षाच्या त्या सरचिटणीस होत्या त्यानं त्यांना काढलं. लोक त्यांना पाकिस्तानच्या हस्तक म्हणू लागले. पाकिस्तानात अडकलेल्या मुलींसाठी ज्या बाईनं आयुष्यातली दहा वर्षं घातली, तिच्याबद्दल हे बोललं गेलं.

१९५८ च्या जानेवारीत शेखसाहेब सुटले आणि एप्रिलअखेर पुन्हा पकडले गेले. त्यांच्यावर, त्यांचे सहकारी मिर्झा अफजल बेग यांच्यावर आणि इतरांवर काश्मीर कटाचा खटला उभा राहिला. मृदुलाबेन बचावाच्या खटपटीला लागल्या. लंडनहून डिंगल फुटसारखा नामांकित बॅरिस्टर या खटल्यात आला. त्याच वर्षी सरकारनं मृदुलाबेनबाबत दुसरा उपाय योजला. प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली त्यांना अटक झाली. आरोपपत्र नाही, खटला नाही, कोर्टासमोर उभं राहून आपली बाजू मांडायची सोय नाही. त्या कोठडीत बसल्यावर जालंधरच्या तळावरच्या मुली त्यांना आठवल्या असतील का? मी हा प्रश्न मनातून काढू शकलेले नाही.

सुटल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. पत्रकं पुन्हा सुरू झाली. नेहरू दुरावले होते, जुने सहकारी भेटायला कचरत. अहमदाबादच्या घरानं मात्र त्यांना अंतर दिलं नाही. राजकारण न पटणारी भावंडंसुद्धा थोरलीशी तशीच वागत राहिली, जशी कधीकाळी आत्या आणि वडील एकमेकांशी वागले होते. एप्रिल १९६४ मध्ये सरकारनं कटाचा खटला मागं घेतला आणि शेखसाहेबांना सोडलं. त्यांनी दिल्लीत येऊन नेहरूंच्या घरी मुक्काम केला. दीड महिन्यात नेहरू गेले, आणि पुढच्याच वर्षी शेखसाहेब पुन्हा आत.

डिसेंबर १९७१ मध्ये विक्रम अचानक गेले. १९७२ मध्ये मोटाबेन गेल्या. २६ ऑक्टोबर १९७४ रोजी मृदुलाबेन गेल्या, त्रेसष्टाव्या वर्षी. त्यानंतर अठरा दिवसांनी, १३ नोव्हेंबरला, इंदिरा गांधींच्या सरकारनं शेख अब्दुल्लांशी करार केला. शेखसाहेबांच्या वतीनं त्यावर सही केली ती कटाच्या खटल्यातले दुसरे आरोपी मिर्झा अफजल बेग यांनी. फेब्रुवारीत शेखसाहेब काँग्रेसच्याच पाठिंब्यावर जम्मू-काश्मीरचे मुख्यमंत्री झाले.